आत्याची खोली

श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. बहुतेक माणसांचे पूर्वज तेवढ्यावर संपतात. चौथ्या पिढीचे नाव विचारले की घरातली वडील माणसे छताकडे पाहू लागतात. मात्र प्रत्येक घरात एक पूर्वज असा असतो, की त्याचा काळ सांगता येत नाही, चेहरा ठाऊक नसतो, पण त्याच्या गोष्टी मात्र घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही ऐकवल्या जातात. त्याला मूळपुरुष म्हणतात. आमच्या घराचा मूळपुरुष भोसल्यांच्या राज्यात कृष्णाकाठाहून निघाला आणि धाम नदीच्या काठी पवनारला येऊन राहिला.

या मूळपुरुषाचा दरारा आमच्या घरात अजून आहे. तो पहाटे धामेत बुडी मारी आणि घरी परतताना वाटेत कुणाची सावली पडली तर उलट्या पावली पुन्हा नदीवर जाई. घराबाहेर पाण्याचा थेंब घेत नसे. एका जत्रेत मुलाने परक्या हातचे खाल्ले म्हणून त्याला तीन दिवस पंचगव्यावर ठेवले होते. दुसरी बाजूही तितकीच खरी म्हणून सांगतात. तो दप्तरात कारकून होता. वरिष्ठाने हिशेबातला एक आकडा बदलायला सांगितला, तेव्हा त्याने लेखणी खाली ठेवली आणि तो घरी आला, तो परत गेला नाही. त्याने व्याज घेतले नाही, लाच घेतली नाही, आणि खोटे बोलल्याची एकही आठवण मागे ठेवली नाही. लहानपणी आम्ही पाटीवर एखादी बेरीज चुकीची खोडली तरी आजी म्हणायची, “मूळपुरुष बघतो आहे हो.”

माझे सासर वर्ध्याला, माहेर पवनारला आणि शाळाही पवनारलाच. शाळा म्हणजे बालवाडी. मी दहावी झालेली, म्हणजे गावातल्या जुन्या माणसांच्या हिशेबी मॅट्रिक. त्या शिदोरीवर मुले शिकवता शिकवता मी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यामुळे घरात काही लिहायचे निघाले, की लग्नपत्रिकेपासून अर्जापर्यंत सारे माझ्याकडे येते. गेल्या वर्षी काका म्हणाले, “बाई, दिवाळीपर्यंत आपल्या घराण्याची वंशावळ लिहून दे. मूळपुरुषापासून. चांगली काचेच्या चौकटीत लावू ओसरीवर. आम्ही गेल्यावर कोण सांगणार आहे?”

काका ऐंशीच्या घरात आहेत. नाही म्हणण्याची सोय नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही मोह झाला होता. इतकी वर्षे कागदावर खोटी माणसे जन्माला घातली. आता एक खरा माणूस सापडतो का, ते पाहावे असे वाटले.

आमच्या भागात जुने नाव शोधायचे म्हणजे पहिली पायरी तहसिलीची. इंग्रजी अमलात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवी. ते कोतवाल बुक आणि जमिनीच्या बंदोबस्ताची मिसल हे आमचे दोन वेद. पूर्वी तिथे जमिनीचे भांडण असलेली माणसेच येत. आता रांग असते ती जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासांना १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तर मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना पुन्हा भाव आला. माझ्यापुढे रांगेत एक बाप उभा होता. मुलीचा कॉलेजातला प्रवेश त्याच्या आजोबाच्या एका ओळीवर अडला होता. त्याने मला विचारले, “तुमचं कशासाठी, बाई?” मी म्हटले, “सहजच, वंशावळीसाठी.” तो कसनुसा हसला. पूर्वज शोधणे ही हौस असू शकते, हे त्याला नवीन होते.

कोतवाल बुकात मला आजोबांचा जन्म सापडला आणि त्यांच्या दोन भावांचाही. एक गोष्ट मात्र पाने उलटताना डोळ्यांत खुपू लागली. कित्येक ओळींत बापाचे नाव, जात आणि तारीख असे सगळे आहे, आणि मुलाच्या जागी नुसते ‘मुलगी’ एवढेच. नोंद करायच्या दिवशी बारसे झालेले नसेल, हे खरे. पण नंतर येऊन ते नाव भरायची गरज कुणाला वाटली नाही, हेही तितकेच खरे.

त्याच्या मागे जायचे तर कागद संपतात. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. वर्धा जिल्हाच मुळी १८६२ सालचा. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळ कवठ्याला होते, आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आजचे वर्धा वसले. मूळपुरुष त्याच्याही आधीचा. त्याला गाठायचे तर एकच वाट उरते, आणि ती गोदावरीकाठी जाते.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या नाहीत, त्यांना सांगून खरे वाटायचे नाही. आपण आपले आडनाव आणि मूळ गाव सांगायचे. मग कुठल्या उपाध्यायांच्या घरी आपली नामावळ आहे, ते कळते. लांबट बाड उघडले जाते आणि आपला कधीकाळचा पूर्वज स्वतः येऊन काय सांगून गेला, ते त्यात लिहिलेले असते. कोण आले, बरोबर कोण होते, कशासाठी आले, घरी कोण कोण आहेत. सरकारला माणूस सारा भरणारा म्हणून ठाऊक असतो. उपाध्यायाला तो कुटुंबासकट ठाऊक असतो.

मी आणि माझा धाकटा भाऊ दोघे गेलो होतो. आमच्या उपाध्यायांनी बाड काढले, पण अक्षर मोडी. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही, ओळीवर टांगलेली सलग वेल. गुरुजींचे बोट त्या वेलीवरून हळूहळू सरकू लागले आणि एका ठिकाणी थांबले. शके १७६२, शार्वरी संवत्सर. म्हणजे इसवी सन १८४०. पुढे मूळपुरुषाचे नाव, बापाचे नाव, ‘मुक्काम पवनार’.

मी त्या नावाला नकळत नमस्कार केला. साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक वाट बैलगाडीने आणि पायी तुडवून हा माणूस इथे येऊन बसला होता. माझ्या लहानपणीचा तो अदृश्य पहारेकरी खरोखर होता!

गुरुजी पुढे वाचत गेले. “पुत्र दोन.” दोघांची नावे होती. “भार्या.” तिचेही नाव होते. मग म्हणाले, “कन्या १.”

“नाव?” मी विचारले.

“नाव नाही. आकडा आहे.”

तिच्यापुरता नुसता एक आकडा. मी गुरुजींना पुढचे पान काढायला सांगितले. दुसरी नोंद शके १७९० ची निघाली, विभव संवत्सर, सन १८६८. मूळपुरुषाचा थोरला मुलगा बापाचे वर्षश्राद्ध उरकून नाशिकला आला होता. त्याच्या नावापुढे बायको आणि मुले होती. सर्वांत शेवटी लिहिले होते, ‘समवेत भगिनी गं. भा. १.’

गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. विधवेच्या नावामागे लावायची ही दोन अक्षरे. इथे ती होती, पण ज्या नावामागे लावायची ते नावच नव्हते.

परतीच्या गाडीत मी रेल्वेचे वर्ष आठवत होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला पोचला. म्हणजे ही भावंडे १८६८ मध्ये बहुधा आगगाडीनेच आली असणार. सावली पडली तर पुन्हा बुडी मारणारा मूळपुरुष अठरापगड माणसांच्या डब्यात बसला असता का? छे. बाप गेला आणि वर्षभराने त्याची लेक आगगाडीत बसली. १८४० मध्ये ती आठ वर्षांची असली, तर आता छत्तिशीत होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. पण कायदा कलकत्त्याला होतो आणि न्हावी दारात येतो, यांतले अंतर फार मोठे. मुंबईत पहिला गाजलेला पुनर्विवाह १८६९ चा, आणि धोंडो केशव कर्व्यांचा पुण्यातला आश्रम १८९६ चा. तिच्या हाताला यांतले काहीच लागण्यासारखे नव्हते.

घरी आले आणि आईला सगळे सांगितले. आई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. एवढेच म्हणाली, “मग ती आत्या असेल.”

“कुठली आत्या?”

“आत्याच्या खोलीतली.”

आमच्या वाड्यात स्वयंपाकघराच्या मागे एक अंधारी खोली आहे. तिला खिडकी नाही, एक झरोका आहे. आम्ही तिच्यात गोवऱ्या आणि जुनी भांडी ठेवतो. तिला सगळे ‘आत्याची खोली’ म्हणतात. माझे वडील म्हणत, आजोबा म्हणत. कुणाची आत्या, हे आजवर कुणी विचारले नव्हते, जसे दिवाणखान्यातला दिवाण कुठला असे कुणी विचारत नाही. आणखी एक शब्द आमच्या घरात आहे, तो मी अजून दुसऱ्या कुठल्या घरात ऐकलेला नाही. बारीक, एकसारखी, टोकाला न फुगणारी वात जमली की आमच्याकडे म्हणतात, “अगदी आत्याची वात झाली.”

आईने तिच्या सासूकडून ऐकलेले सांगितले, आणि सासूने तिच्या सासूकडून ऐकलेले. आत्या लाल आलवणात असे. एकभुक्त होती. शुभकार्याला पुढे येत नसे. त्या झरोक्याखाली बसून वाती वळी. आमच्या घराला पुरून देवळाला आणि देवळाला पुरून आळीला वाती जात. दिवाळीत घरोघर लागणाऱ्या पणत्यांत तिच्या हातची वात असे आणि ती स्वतः आत बसलेली असे. मूळपुरुषाच्या नातवंडांची ती आत्या. पुढे सगळ्यांचीच आत्या झाली. नाव विसरले आणि नाते राहिले.

वंशावळ मागे ठेवून मी काही दिवस नुसती वाचत बसले. वाचताना नॅथॅनिएल हॉथॉर्न हा अमेरिकन कादंबरीकार भेटला. त्याचे घराणे मॅसॅच्युसेट्समधले. १६३० च्या सुमारास इंग्लंडातले प्युरिटन, म्हणजे शुद्धाचारी पंथाचे लोक, समुद्र ओलांडून तिथे वसाहत करायला गेले. त्यांत त्याचा मूळपुरुष होता. करडा, धर्मनिष्ठ, सैन्यात आणि न्यायासनावर मान मिळवलेला. त्यानेच क्वेकर पंथाच्या एका बाईला फटक्यांची शिक्षा फर्मावली. त्याचा मुलगा १६९२ साली सालेम गावी चेटकिणींच्या खटल्यात न्यायाधीश होता. त्या खटल्यांत एकोणीस माणसे फासावर गेली, त्यांत बहुतेक बायका. दीडशे वर्षांनी, १८५० मध्ये, त्यांच्या वंशातल्या या लेखकाने आपल्या कादंबरीच्या प्रारंभी ही सगळी हकीकत लिहिली आणि पूर्वजांची लाज आपल्या माथी घेतली. त्याने त्यांचा मोठेपणा लपवला नाही आणि त्यांचे क्रौर्यही झाकले नाही. तिकडे आज वंशावळी शोधणे हा मोठा उद्योग आहे. बॉस्टनला त्यासाठीची संस्था १८४५ पासून चालू आहे. पण वंशावळीत काय लिहायचे, हे मला त्या संस्थेपेक्षा या माणसाने अधिक नीट शिकवले.

माझ्या मूळपुरुषाने कुणाला फासावर चढवले नाही. त्याने आकडा बदलायला नकार दिला, हे मी अजूनही अभिमानाने सांगते. पण त्याचे सोवळे नुसते त्याच्या धोतरावर नव्हते. त्याच्या शुद्धतेची किंमत एका झरोक्याखाली कुणीतरी जन्मभर चुकती करत होते. ती रक्कम मात्र त्या प्रामाणिक कारकुनाच्या हिशेबात कधी आली नाही.

कर्मठ माणूस म्हटला की तो असाच असणार, असेही नाही. आमच्या पवनारच्या विनोबांनीच आपल्या आजोबांची आठवण सांगितलेली आहे. गागोद्याचे शंभुराव भावे मोठे व्रतस्थ. चांद्रायण करीत, तासन्‌तास पूजा चाले. एकदा पूजेत देवावर विंचू चढला. माणसे मारायला धावली, तर आजोबा म्हणाले, तो देवाला शरण आला आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. विंचू आपल्या वाटेने उतरून जाईपर्यंत पूजा चालूच राहिली. नातवाला वारशात मिळाले ते हे. या घरातल्या तिन्ही भावांनी, विनोबा, बाळकोबा आणि शिवबांनी, ब्रह्मचर्य पत्करले. त्या शाखेपुरती वंशावळ तिथे थांबली. पण शंभुरावांचा विंचू अजून चालतोच आहे.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा मी कागद घेऊन काकांकडे गेले. मूळपुरुषाच्या नावाखाली तीन रेघा काढल्या होत्या. दोन मुलांच्या, आणि तिसरी रेघ खाली मोकळी.

काकांनी चष्मा पुसला. “ही तिसरी कोणाची?”

“लेकीची. नाशिकच्या वहीत आहे.”

“काय करून राहिलीस तू, बाई! वंशावळीत लेकी येत नसतात. लेक दुसऱ्या कुळाची.”

“ती दुसऱ्या कुळात राहिलीच कुठे, काका? जन्मभर इथेच होती. तुमच्या गोवऱ्या ठेवता त्या खोलीत.”

काका गप्प झाले. मग म्हणाले, “रीत नाही.”

रीत म्हटल्यावर मला बालवाडीतल्या हट्टी पोरासारखे झाले. मी म्हटले, “रीत आपल्या गावालाच विचारू. वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन याने वसवलेले प्रवरपूर म्हणजे आपले पवनार, असे महामहोपाध्याय मिराशींनी सांगितले. आता काही संशोधक मनसरकडे बोट दाखवतात, ते राहू द्या. पण त्या प्रवरसेनाची आई कोण? प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा गेला, मुलगे लहान, म्हणून विधवा राणीने राज्य चालवले. पुण्याच्या ताम्रपटात तिने आधी कुणाची वंशावळ कोरली आहे, ठाऊक आहे? आपल्या बापाची. गोत्रही माहेरचेच ठेवले. सोळाशे वर्षे झाली त्याला.”

“ती राणी होती.”

“आणि नदीकाठच्या त्या साऱ्या? १९५९ साली विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर काढले ते बायकांसाठी. त्याही एकभुक्त राहिल्या असतील, जाडेभरडे नेसल्या. पण स्वतःच्या मनाने. त्यांची खोली कुणी कोंडली नाही. शेतात कुदळ मारतात, वेदान्त वाचतात. आपल्या आत्याने तसली साधना न विचारता केली. तिला एक रेघ द्यायला आपले काय जाते?”

काका बराच वेळ बोलले नाहीत. ते दशग्रंथी नाहीत, पण पितृपक्ष त्यांनी एकाही वर्षी चुकवलेला नाही. दर्भ, पिंड, नावे, सगळे तोंडपाठ. ओसरीवरच्या अंधारात त्यांचे ओठ हलताना दिसले. ते महालयाची नावे मनात म्हणत होते. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. चुलता, मामा, भाऊ. आणि मग ते थांबले.

“पितृभगिनी,” ते मोठ्याने म्हणाले. “आत्या. तिला पिंड असतो. साठ वर्षे देतो आहे मी, माझ्या आत्याला.”

मी काही बोलले नाही.

“पिंड चालतो, मग रेघ का चालू नये?” हे त्यांनी मला विचारले की स्वतःला, ते कळले नाही. त्यांनी कागद जवळ ओढला. मोकळ्या रेघेखाली बोट ठेवून म्हणाले, “इथे काय लिहिणार? तुझ्या कादंबरीतले एखादे नाव घालशील, ते मात्र नको. मूळपुरुषाने आकडा बदलला नाही. आपणही नाही बदलायचा.”

“म्हणून तर मोकळी ठेवली.”

“मोकळी नको. आत्या लिही. घरात दुसरे काय म्हणत होते तिला?”

मी लिहिले. चौकट धनत्रयोदशीला ओसरीवर लागली. मूळपुरुष, त्याखाली दोन मुलगे आणि ‘आत्या’. मग पिढ्या उतरत माझ्या भावापर्यंत. माझ्या भाचीने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि काकांना विचारले, “आजोबा, मी कुठे आहे?” काकांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी चौकट उतरवून तो कागद पुन्हा लिहावा लागला. लेकींच्या रेघा घातल्यावर तो पहिल्यापेक्षा दुप्पट रुंद झाला, आणि सुताराने काचेचे जास्तीचे पैसे घेतले.

त्या आठवड्यात आत्याच्या खोलीतल्या गोवऱ्या बाहेर काढल्या. काही नवे करायचे म्हणून नव्हे. पावसाने भिंत ओलावली होती, ती सारवायची होती. भाऊबिजेला संध्याकाळी आई झरोक्याखाली पाट टाकून कापूस घेऊन बसली. भाची तिच्यापुढे मांडी घालून वात वळायला शिकत होती. पहिल्या चार वाती टोकाला फुगल्या. पाचवी बरी जमली.

“आत्याची झाली का?” तिने विचारले.

आईने वात दिव्याकडे धरून पाहिली आणि म्हणाली, “अजून नाही. पण होईल.”